घाटावरचं वजन

माझ्या भावाला सगळे पोत्या म्हणतात. नाव मीच पाडलं, आणि नावासारखा त्याला केलाही मीच, हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे नंतर कुणी माझ्याकडे बोट दाखवायला नको. आई गेली तेव्हा मी पंधराची आणि तो सातचा. वडील दिवसभर कामावर. पोरगं रडलं की काय करायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून मी त्याला खायला घालायचे. आणि रडायचा तो फार. त्याच्या शाळेच्या पँटी मी वर्षातून तीनदा उसवून सैल करायचे. शिवणकाम मी त्यातूनच शिकले आणि पुढे तोच माझा धंदा झाला. लग्नाचं काही माझं जुळलं नाही. मशीनशी जुळलं, ते अजून टिकून आहे.

पोत्या काटेवाला झाला, म्हणजे वजनकाटे दुरुस्त करतो. दुकानांतले टेबलावरचे, गोदामांतले जमिनीवरचे, आणि घाटमाथ्यावर खडीची खाण आहे तिथला, अख्खा ट्रक मालासकट तोलणारा. त्याच्याकडे सरकारी शिक्क्याची वीस-वीस किलोची लोखंडी वजनं आहेत. त्यांना तो इतका जपतो की त्याची बायको म्हणते, मलाही एकदा असंच फडक्यानं पुसून ठेव. ज्या म्हाताऱ्या उस्तादांकडे तो काम शिकला, त्यांचा एक नियम होता: आपण हात लावलेल्या काट्यावर आपण कधी उभं राहायचं नाही. माणूस स्वतःचं वजन बघताना लबाडी करतो, आणि काट्यासमोर एकदा लबाडी केली की हात कायमचा बिघडतो, असं त्यांचं म्हणणं. पोत्यानं हा नियम इतका मनावर घेतला की अर्ध्या गावाची वजनं तोंडपाठ असलेल्या या माणसाला स्वतःचं वजन माहीत नव्हतं. आम्हाला आपलं डोळ्यांनी दिसायचं.

मग माझ्या किडन्या गेल्या. दोन्ही, एकापाठोपाठ एक. आठवड्यातून तीन दिवस चार-चार तास डायलिसिस सुरू झालं. डाव्या हाताची शीर धमनीला जोडून तिथे सुया टोचायच्या, रक्त मशीनमधून फिरवून परत आत सोडायचं. आत जाताना वजन, बाहेर पडताना वजन. मधल्या दिवसांत अंगात साठलेलं पाणी किती काढायचं ते काट्यावरूनच ठरवतात. माझं ठरवलेलं वजन बावन्न किलो. तिथली सिस्टर बाई मनानं चांगली, पण पाण्याचा विषय निघाला की पोलीस व्हायची. "काल किती ग्लास प्यालात? खरं सांगा." मी आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं, ते एका ग्लासावरून ऐकून घेत होते.

पोत्यानं मला न विचारता स्वतःच्या चाचण्या करून घेतल्या. रक्त जुळलं, बाकीचंही सगळं जुळलं. मग डॉक्टरबाईंनी त्याला डायलिसिसच्या खोलीतल्याच काट्यावर उभं केलं. एकशे बारा!

"नव्वदच्या आत यावं लागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पुढचं सगळं आयुष्य यांना एका किडनीवर काढायचंय. साखर आणि रक्तदाब आत्ताच काठावर आहेत. हा नियम तुमच्यासाठी नाही हं ताई, यांच्यासाठी आहे."

माझी भावजय शाळेत गणित शिकवते. तिचं बोलणंही तसंच, दोन आणि दोन चार. ती म्हणाली, "एकोणनव्वद पॉइंट नऊ झालं की मी संमतीच्या कागदावर सही करते. नव्वद पॉइंट एकला करणार नाही. राग मानू नका ताई. मला तुम्हीही हव्या आहात आणि हा माणूसही हवाय."

"मला त्याची किडनी नकोच आहे," मी म्हटलं. "माझं काय राहिलंय आता? मागे ना नवरा ना मूल. आहे तेवढं बास."

हे मी तेव्हा म्हटलं, आणि पुढे वर्षभर उठता बसता म्हणत राहिले. पोत्या दर वेळी मान हलवायचा आणि सायकल घेऊन बाहेर पडायचा.

ती सायकल एका गिऱ्हाइकाच्या गोदामात धूळ खात पडली होती. बारीक टायरची, गिअरची, वाकड्या दांड्याची. पोत्या तिच्यावर बसला की ती दिसायचीच नाही. मी म्हटलं, अरे, सपाट रस्त्यावर फिर, तळ्याभोवती फिर, घाट कशाला? तर म्हणे, "ताई, सपाटीवर वजन लपतं. चढावर लपत नाही." खाणीवर त्याला कामासाठी जावंच लागायचं. तेच जाणं सायकलनं करायचं त्यानं ठरवलं. नऊ किलोमीटर, बावीस वळणं.

पहिल्या दिवशी तिसऱ्या वळणावर त्याचा कारभार आटोपला. रस्त्याकडेच्या कठड्याला टेकून तो बसला होता, तोंड लाल, डोळे पांढरे. खाणीवरून उतरणाऱ्या ट्रकवाल्यानं त्याला सायकलसकट मागे घातलं आणि माझ्या दारात आणून विचारलं, "बाई, हे पोतं कुठे उतरवू?" त्याला बिचाऱ्याला नाव माहीतही नव्हतं. मी इतकी हसले की मशीनवरचा कपडा खाली पडला. पोत्याही हसला. मग म्हणाला, "पाणी दे," आणि ग्लास तोंडाला लावणार तेवढ्यात माझ्याकडे बघून थांबला. माझ्यासमोर तो घटाघटा पाणी प्यायचा नाही. आत जाऊन प्यायचा. मला ते कळायचं, आणि त्या गोष्टीचा मला राग यायचा. का, ते विचारू नका.

आठवड्यातून चार सकाळी तो जायला लागला. सीटवर बसून बसून त्याची अशी अवस्था व्हायची की चालणं बघवत नव्हतं. मी त्याच्या पँटीच्या आत गादी शिवून दिली. पहिली फार जाड झाली, बदकासारखा चालला. दुसरी जमली. खाणंही उतरलं. भावजयीनं ताटात काय आणि किती हे वहीत मांडलं, आणि मला सक्त ताकीद दिली की ताई, तुमच्या घरी त्यानं फक्त चहा प्यायचा, तोही बिनसाखरेचा. ज्या हातानं आयुष्यभर त्याला वाढलं, त्याच हातानं त्याच्यापुढून बशी उचलायची वेळ माझ्यावर आली. बशी उचलताना मला दर वेळी वाटायचं, घेऊ दे की एक.

दोन महिन्यांनी तो चार ठिकाणी थांबत वर पोचला. पाच महिन्यांनी एकदाच थांबून. मला येऊन सगळं सांगायचा. मी सुया टोचून पडलेली, मला काय, कुठे जायचं होतं? तो खुर्ची ओढून बसायचा आणि घाट सांगायचा. सुरुवातीला जोर करायचा नाही, कितीही वाटलं तरी. पहिल्या चार वळणांत जो फुशारकी मारतो तो दहाव्याला तोंडघशी पडतो. गिअर आधीच हलका करायचा, पाय जड झाल्यावर नाही. वळणावर आतून जायचं नाही, आत चढ जास्त असतो, बाहेरून जायचं, लांब पडलं तरी. वर बघायचं नाही, चाकापुढच्या चार हातांवर बघायचं. सोळाव्या वळणानंतर एक सरळ चढ आहे, तिथे श्वास मोजायचा, चार पायडलला एक. "आणि त्या सरळ चढावर काय आठवतं माहितीये?" तो म्हणाला. "तुझ्या हातचं सगळं खाल्लेलं. एकेक घास आठवतो." शेजारच्या पलंगावरचे निवृत्त मास्तर डायलिसिस चालू असताना हसले आणि त्यांचं मशीन वाजायला लागलं. सिस्टरनं सगळ्यांना झापलं.

शंभर किलोवर आल्यावर तो पहिल्यांदा न थांबता वर गेला. सहासष्ट मिनिटं. काटेवाला माणूस, त्याला मोजल्याशिवाय चैन कुठे? दर फेरीची वेळ तो मांडून ठेवायचा. काही महिन्यांनी त्याच्या लक्षात आलं की आता दम बसलाय, पाय बसलेत, त्यात फारसा फरक पडत नाही. वेळ कमी होते ती वजनामुळे. किलोमागे साधारण अर्धा मिनिट. दोन किलो उतरले की एक मिनिट कमी. "घाट म्हणजे नऊ किलोमीटर लांबीचा काटाच आहे," असं तो सगळ्यांना सांगत सुटला. मी म्हटलं, मग त्याच्यावर तरी तुझ्या उस्तादांचा नियम लागू नाही ना? तर म्हणाला, "घाट कुठे मी दुरुस्त केलाय?"

माझा काटा वेगळा, माझी टेप. दर महिन्याला दवाखान्यातलं वजन झालं की संध्याकाळी तो माझ्याकडे यायचा आणि मी त्याच्या पँटी आवळायची. दोन किलोला कमरेत एक बोट, हा माझा हिशेब. टेप लावताना मी अखंड बोलायची. हात वर कर, पोट सोड, लबाडी करू नकोस, हा सदरा कुणी शिवलाय, त्याचे हात मोडले पाहिजेत. आमच्या वडिलांचं म्हणणं होतं की मी झोपेतसुद्धा कुणाशी तरी भांडत असते.

त्र्याण्णववर तो अडला. महिनाभर काटा हलेना. तोवर माझी पंचाईत वेगळीच झाली होती. डाव्या हाताची सुया टोचायची जागा बंद पडत चालली होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, ही गेली तर दुसऱ्या हाताला करू, पण तुमच्या शिरा फार बारीक आहेत, किती दिवस पुरतील ते सांगता येत नाही. मी सगळ्यांना सांगितलं, बरं झालं, सुटेन एकदाची. आणि घरी जाऊन दार लावून मशीनवर डोकं टेकून बसले. हे कुणाला सांगितलं नव्हतं, आता सांगतेय.

पुढच्या महिन्याचं वजन. पोत्या काट्यावर चढला. सिस्टरनं वाचलं आणि ओरडलीच, "एकोणनव्वद पॉइंट सात!"

खोलीत टाळ्या. निवृत्त मास्तरांनी मोकळ्या हातानं पलंगाचा दांडा बडवला. भावजयीनं कागद मागवले आणि तिथल्या तिथे सही केली. डॉक्टरबाईंनी मोठ्या दवाखान्यात फोन लावला. ऑपरेशनची तारीख मिळाली, बरोबर बारा दिवसांनी. ती हुकली तर पुढची दोन महिन्यांनी होती. पोत्या लाजून उभा होता. मी त्याला म्हटलं, "मला नकोय सांगितलं ना," आणि डॉक्टरबाईंना तारीख परत एकदा विचारून घेतली.

संध्याकाळी तो पँट घेऊन आला. मी टेप लावली. तीन किलोहून जास्त उतरलं म्हणजे दीड बोट तरी आत यायला हवं होतं. टेप गेल्या महिन्याच्या खुणेवरच थांबली. मी परत लावली. जरा ओढूनही बघितली. तीच खूण.

तीस वर्षं मी माणसांच्या कमरा मोजतेय. काटा चुकत असेल, माझी टेप चुकत नाही. त्या क्षणी मला कळलं की वजन खोटं आहे, पोत्या नव्वदच्या आत आलेला नाही, आणि तो नियम त्याच्या जिवासाठी आहे. हे सगळं कळलं, आणि बारा दिवसांनंतरची ती तारीखही डोळ्यांसमोर होती. मी टेप गुंडाळली, डब्यात ठेवली आणि म्हटलं, "ठेव इथे, उद्या करते." तो बरं म्हणून गेला. रात्रभरात मी ती पँट दीड बोट आवळली. उगाचच. त्याला ती घट्ट होणार हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं पँट नेली. घालून न बघताच पिशवीत टाकली.

तो मात्र रोज घाटात जायला लागला. तीन दिवस लागोपाठ. चौथ्या दिवशी माझं डायलिसिस होतं. माझी तब्येत तेव्हा तीन आठवड्यांपासून बिघडली होती; पाय सुजलेले, पाठीवर झोपलं की धाप लागायची, उशा रचून बसून झोपावं लागायचं. सिस्टर म्हणायची, पाणी जास्त होतंय तुमचं. मी शपथा घेत होते. त्या दिवशी मी काट्याजवळ पोचले तर पोत्या आधीच तिथे. त्याच्या पायाशी चार लोखंडी वजनं. ऐंशी किलो लोखंड त्यानं दोन जिने चढून वर आणलं होतं.

"सिस्टर, एक मिनिट," तो म्हणाला. "गेल्या महिन्यात मी घाट साडेबासष्ट मिनिटांत चढलो. हा काटा म्हणतो तीन किलो उतरले. मग एकसष्टच्या आत यायला हवा होतो. तीन दिवस जाऊन बघितलं. तिन्ही दिवस बासष्टच्या वर. वाराही नव्हता. घाटावर मी अजून ब्याण्णवचा आहे."

"अहो, सायकलच्या वेळेवरून कुणी काटा तपासतं का?" सिस्टर म्हणाली.

पोत्यानं एकेक वजन उचलून काट्यावर ठेवलं. ऐंशी किलो. काट्यानं दाखवले सत्त्याहत्तर पॉइंट आठ.

मग तो गुडघ्यांवर बसला, गाल फरशीला लावला आणि खालून बघितलं. तीन आठवड्यांपूर्वी खोलीला रंग दिला होता. सामान परत लावताना कुणीतरी काटा कोपऱ्यात रेटला होता, आणि त्याची एक कड भिंतीच्या खालच्या पट्टीवर टेकली होती. थोडं वजन भिंतच उचलत होती. पोत्यानं काटा चार बोटं पुढे ओढला. ऐंशीला ऐंशी. मग त्यानं मला हात धरून वर उभं केलं. मी नेहमीपेक्षा दीड किलोनं जास्त भरले. म्हणजे तीन आठवडे माझ्या अंगात दीड किलो पाणी तसंच राहत होतं. पाय आणि धाप, दोन्ही त्याचंच. सिस्टरचा चेहरा पांढरा पडला. बिचारीनं नंतर माझी दहा वेळा माफी मागितली.

आणि शेवटी पोत्या स्वतः चढायला गेला, थांबला, म्हणाला, "आता मी याला हात लावलाय. मला यावर उभं राहता येत नाही." खालच्या मजल्यावरून दुसरा काटा मागवला. ब्याण्णव पॉइंट एक.

भावजयीनं कागद परत मागितला. रागानं नाही, पण मागितला. तारीख गेली.

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तुझे काटे घाल चुलीत, म्हटलं. तुझा तो मेलेला उस्ताद, तुझा घाट, तुझं लोखंड, सगळं घेऊन जा, मला तोंड दाखवू नकोस. खरं कोण आहेस तू, माझा भाऊ की सरकारी शिक्का? तो ऐकून घेत होता. एवढंच म्हणाला, "ताई, आज मशीननं दीड किलो पाणी जास्त काढलं की सपाट झोपून बघ." मी झोपून बघितलं. वर्षभरात आली नव्हती इतकी गाढ झोप आली. त्यामुळे राग आणखी वाढला. चार दिवस मी त्याच्याशी अवाक्षर बोलले नाही.

ते दोन किलो त्यानं कसे उतरवले ते भावजयीला विचारा. शेवटचे दोन किलो सगळ्यात चिवट असतात म्हणे. रोज घाट, कधी दोनदा. सात आठवडे. माझा डावा हात कसाबसा तग धरून होता. रोज सकाळी उठले की मी आधी कान लावून शिरेतली घरघर ऐकायची, चालू आहे ना. एका सकाळी त्याचा फोन आला, धापा टाकत, "साठ मिनिटं चाळीस!" मी म्हटलं, "म्हणजे किती किलो ते सांग." तो म्हणाला, "एकोणनव्वदच्या आसपास." दुसऱ्या दिवशी तीन वेगवेगळ्या काट्यांवर त्याला उभं केलं. एकोणनव्वद पॉइंट दोन, तिन्हीवर. भावजयीनं सही केली, आणि मग खोलीच्या बाहेर जाऊन रडून आली. मी संध्याकाळी टेप लावली. दोन बोटं आत. मापं घेताना मी पूर्वीसारखीच बडबडले.

ऑपरेशन नीट झालं. त्याची किडनी माझ्या अंगात जी लागली ती पहिल्या दिवसापासून कामाला लागली. मालकासारखीच, मुकाट्यानं राबणारी. मी पहिल्यांदा ग्लासभर पाणी एका दमात प्याले तेव्हा पोत्या समोरच्या पलंगावर होता, पोट धरून, टाके दुखत असताना हसत. तो लवकर उठला. मला तीन महिने घरात कोंडलं. आणि त्या तीन महिन्यांत ती टेप माझ्या छातीवर बसून होती. प्रत्येक वेळी तो दारात आला की वाटायचं, सांगावं. आणि प्रत्येक वेळी मी चहा टाकायची.

डॉक्टरबाईंनी त्याला घाटाची परवानगी दिली तेव्हा मी म्हटलं, मी वर येऊन बसते. घाट मी त्याच्या तोंडून शंभरदा चढले होते, पण स्वतः बघितला नव्हता. खाणीच्या ट्रकवाल्यानं, त्याच पोतं उतरवणाऱ्यानं, मला पुढे बसवून वर नेलं. खाणीच्या कचेरीबाहेर एक बाक आहे, तिथून शेवटची पाच वळणं दिसतात. बराच वेळ रस्ता रिकामा. मग खालच्या वळणावर एक ठिपका. तो वर बघत नव्हता. चाकापुढच्या चार हातांवर बघत होता, सांगायचा तसाच. वळणावर बाहेरून गेला, लांबून, घाई न करता. मी ज्याला पोतं म्हणून हिणवलं तो हा माणूस, एक किडनी मला देऊन उरलेल्या एकीवर तो डोंगर चढत होता. माझ्याच्यानं बाकावर बसवेना, उभी राहिले.

वर पोचला, सायकल भिंतीला लावली, घड्याळ बघितलं. "पासष्ट," म्हणाला. "गेलेलं परत आणावं लागेल." आणि माझ्या शेजारी धपकन बसला. मी त्याला पाण्याची बाटली दिली. माझ्यासमोर तो ती घटाघटा प्यायला.

"पोत्या," मी म्हटलं. "त्या महिन्यात काटा खोटा आहे हे मला कळलं होतं. कंबर हलली नव्हती. मी टेप लावली आणि गप्प बसले. तुझ्या जिवाचा नियम होता आणि मी गप्प बसले."

तो बाटलीचं झाकण लावत होता. "माहितीये," म्हणाला.

"काय माहितीये?"

"अगं, टेप लावलीस आणि एक शब्द बोलली नाहीस. ना हात वर कर, ना पोट सोड. तू, आणि गप्प! मी तुझ्या दारातून बाहेर पडतानाच म्हटलं, काहीतरी चुकलंय. घाटात मी नंतर गेलो, खात्री करायला."

मी म्हटलं, "मग तेव्हाच का नाही बोललास? तीन दिवस कशाला थांबलास?"

"वाटलं, तू सांगशील," तो म्हणाला.

मी रडायला लागले. ट्रकवाला तिकडे तोंड करून उगाच टायर बघायला लागला. पोत्यानं त्याचा घामेजलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला, लहानपणी मी त्याच्या डोक्यावर ठेवायची तसा, आणि म्हणाला, "रडतेस काय वेडे? वर्षभर तू म्हणत होतीस नको, माझं काय राहिलंय. मला रोज घाटात वाटायचं, जिला जगायचंच नाही तिच्यासाठी मी हे कशाला चढतोय? त्या दिवशी तू गप्प बसलीस, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तुला जगायचंय. मग ते दोन किलो काय, वीस सांगितले असते तरी उतरवले असते."